निरोगी माणसाच्या रक्तातील साखरेवर कृत्रिम स्वीटनरचा परिणाम होतो का?

चौकस

नमस्कार. मला मधुमेह नाही, आई-वडिलांपैकीही कोणाला नाही. वय ४१ वर्षे, वजन उंचीच्या मानाने योग्य आहे. साधारण चौदा महिन्यांपूर्वी मी कॉफीतली साखर पूर्णपणे बंद केली आणि तिच्या जागी सुक्रालोजची पुडी वापरायला सुरुवात केली. दिवसाला तीन मग कॉफी आणि प्रत्येक मगाला एक पुडी, असा नेम आहे. रोज सवयीने पोटात जाणारी सहा चमचे साखर थांबावी, एवढाच हेतू त्यामागे होता.

गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ९७ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर आली. आधीच्या वर्षी ती ८९ होती. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.३ वरून ५.४ टक्के झाले. दोन्ही आकडे निरोगी मर्यादेत आहेत हे मला समजते, परंतु या वर्षात आहारात जाणीवपूर्वक केलेला बदल हा एकच होता, आणि साखर कमी करूनही आकडा वर जावा हे मनाला पटले नाही. म्हणून दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर मी सध्या वापरते आहे. संध्याकाळच्या कॉफीनंतर, सोबत काहीही खाल्लेले नसताना, पाऊण तासात आकडा ९२ च्या आसपासून ११५ पर्यंत जातो असे चार दिवस दिसले.

वाचायला गेले तर एकीकडे या पदार्थांचा साखरेशी काहीही संबंध नाही असे ठामपणे लिहिलेले असते, आणि दुसरीकडे ते आतड्यातील जिवाणू बदलून मधुमेहाकडे नेतात असे तितक्याच ठामपणे सांगितलेले असते. मधुमेही व्यक्तींसाठी लिहिलेला मजकूर भरपूर आहे. मला निरोगी माणसाबद्दल जाणून घ्यायचे आहे. ज्याचे स्वादुपिंड आणि इन्सुलिन नीट काम करते आहे, त्याच्या शरीरात या पदार्थांमुळे नेमके काय बदलते, आणि माझ्या सेन्सरवर दिसणारा चढ कशाचा असावा?

प्रवाळ

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि या विषयावरचे बहुतेक वाद ते वेगळे न केल्यामुळेच होतात, असे माझे मत आहे. स्वीटनर स्वतः रक्तातील साखर वाढवतो का, हा पहिला. त्याच्यामुळे पुढच्या खाण्यातील ग्लुकोज हाताळण्याची शरीराची पद्धत बदलते का, हा दुसरा. आणि वर्षानुवर्षे वापरल्यास मधुमेहाचा धोका वाढतो का, हा तिसरा. मी पहिल्याबद्दल आणि थोडेसे दुसऱ्याबद्दल लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते बऱ्यापैकी निर्विवाद आहे. २०१८ मध्ये २९ चाचण्यांचे, एकूण ७४१ व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सॅकरिन, ॲस्पार्टेम, सुक्रालोज आणि स्टीव्हिया यांपैकी कशानेही रक्तातील साखर वाढलेली आढळली नाही. त्याचे कारणही सरळ आहे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, त्यामुळे दोन चमचे साखरेच्या गोडीसाठी त्याचे १२-१३ मिलिग्रॅम पुरतात, आणि त्यातलेही बरेचसे आतड्यातून शोषलेच न जाता बाहेर पडते. शरीर त्याचे ग्लुकोज करू शकत नाही.

मात्र तुमच्या पुडीचे वजन १२ मिलिग्रॅम नक्कीच नसेल. इतका सूक्ष्म पदार्थ चिमटीत येत नाही, म्हणून पुडीत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून तिचे वजन सुमारे एक ग्रॅमपर्यंत आणलेले असते, आणि हे दोन्ही पदार्थ रक्तात ग्लुकोज म्हणूनच पोहोचतात. एक ग्रॅम ही मात्रा नगण्य वाटते. परंतु ९० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर पातळी असलेल्या पाच लिटर रक्तात कोणत्याही क्षणी अवघे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असते, हे लक्षात घेतले की थोडक्या ग्रॅमांचाही ठसा सेन्सरवर का उमटतो ते कळते. अर्थात ग्लुकोज रक्ताबाहेरील द्रवातही पसरते आणि इन्सुलिन ते लगेच उचलू लागते, त्यामुळे एका ग्रॅमने २३ अंकांचा चढ येणार नाही. माझा पहिला संशय पुडीवर नाही, दुधावर आहे. दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते आणि त्यातले निम्मे पचनानंतर ग्लुकोज होते. कॅफिनही इन्सुलिनचा प्रभाव काही काळ थोडा मंदावते. तेव्हा तुम्ही जो चढ पाहिलात तो कॉफीच्या संपूर्ण मगाचा आहे. त्यात स्वीटनरचा वाटा किती हे अजून तपासलेले नाही.

आता दुसरा प्रश्न. जिभेवर गोड चव ओळखणारे ग्राही टी१आर२ आणि टी१आर३ या दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेले असतात. ही जोडी २००१ च्या सुमारास उलगडली. पुढे २००७ मध्ये असे दिसले की हेच ग्राही लहान आतड्याच्या अस्तरातील, संप्रेरके सोडणाऱ्या पेशींवरही असतात. प्रयोगशाळेत अशा पेशींवर सुक्रालोज टाकल्यावर त्यांनी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडले, जे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास उद्युक्त करते, आणि उंदरांमध्ये ग्लुकोज शोषणारे वाहक प्रथिनही वाढले. जीभ ज्याला केवळ चव समजते त्याला आतडे ‘अन्न आले’ असे समजते, ही कल्पना तेव्हापासून रुजली, आणि ती खरोखरच सुंदर कल्पना आहे. पण माणसांमध्ये ती सहजासहजी सिद्ध झाली नाही. २००९ मध्ये निरोगी व्यक्तींच्या जठरात नळीतून नुसते सुक्रालोज सोडून पाहिले, तेव्हा ना जीएलपी-१ वाढले ना इन्सुलिन. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात २२ निरोगी तरुणांना ग्लुकोज देण्याआधी दहा मिनिटे सुक्रालोज आणि ॲसेसल्फेम (आणखी एक कृत्रिम स्वीटनर) असलेले पेय दिले, तेव्हा जीएलपी-१ अधिक सुटले, परंतु साखर आणि इन्सुलिन यांत फरक पडला नाही. मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही. पहिल्यात स्वीटनर एकटा होता, दुसऱ्यात त्याच्यामागून ग्लुकोज आले होते.

आणखी एक गोष्ट. ‘कृत्रिम स्वीटनर’ हा एक पदार्थ नाही. ॲस्पार्टेम लहान आतड्यातच फेनिलॲलनिन, ॲस्पार्टिक आम्ल आणि थोडे मिथेनॉल यांत विघटित होते. ते मूळ रूपात मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. सॅकरिन बहुतांश शोषले जाऊन लघवीवाटे निघून जाते. सुक्रालोजचे उलटे, ते मोठ्या प्रमाणात मोठ्या आतड्यात उतरते. स्टीव्हियातील गोड घटक तर मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडूनच फोडले जातात. ज्यांचा शरीरातला प्रवास इतका वेगळा आहे, त्यांच्याबद्दल एकच विधान कसे करता येईल?

संख्यारेखा

वैद्यकीय चाचण्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण हे माझे काम आहे, म्हणून प्रवाळ यांनी जिथे थांबवले तिथून पुढे जाते.

जिवाणूंचा मुद्दा चर्चेत आला तो २०१४ मध्ये, इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या अभ्यासामुळे. उंदरांच्या पाण्यात सॅकरिन, सुक्रालोज किंवा ॲस्पार्टेम मिसळल्यावर काही आठवड्यांत त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता खालावली. प्रतिजैविके देऊन आतड्यातील जिवाणू मारले की हा परिणाम नाहीसा झाला, आणि त्या उंदरांची विष्ठा जिवाणूरहित उंदरांमध्ये रोपित केली की तो त्यांच्यातही उतरला. कार्यकारणाची इतकी स्वच्छ साखळी क्वचितच पाहायला मिळते. पण त्याच निबंधातील माणसांचा भाग फार लहान होता. एरवी स्वीटनर न घेणाऱ्या अवघ्या सात निरोगी व्यक्तींना आठवडाभर शरीराच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम सॅकरिन दिले गेले आणि त्यांपैकी चौघांचा ग्लुकोज-प्रतिसाद बिघडला. बातम्यांत ‘चौघे’ राहिले आणि ‘सात’ गळून पडले, याचा मला तेव्हा फार त्रास झाला होता.

त्याच गटाने २०२२ मध्ये हे काम गांभीर्याने पुन्हा केले. स्वीटनरचा स्पर्शही नसलेले १२० प्रौढ मिळवण्यासाठी त्यांना तेराशेहून अधिक जणांची चौकशी करावी लागली, इतके हे पदार्थ नकळत आहारात शिरलेले आहेत. या १२० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे सहा गटांत विभागले. चार गटांना प्रत्येकी सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया यांच्या पुड्या, एका गटाला त्या पुड्यांमध्ये भरणा म्हणून असते तेवढेच नुसते ग्लुकोज, आणि सहाव्या गटाला काहीच नाही. दोन आठवडे हे चालले आणि सर्वांच्या अंगावर सेन्सर होते. मात्रा रोजच्या स्वीकारार्ह मर्यादेच्या आत होती. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांत ग्लुकोज-चाचणीनंतरची साखर तुलनेने अधिक चढली; ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया यांच्या गटांत तसे दिसले नाही. आतड्यातील जिवाणूंमध्ये मात्र चारही गटांत बदल आढळले. ज्यांचा प्रतिसाद सर्वाधिक बिघडला त्यांची विष्ठा जिवाणूरहित उंदरांमध्ये रोपित केल्यावर त्या उंदरांचा प्रतिसादही बऱ्याच अंशी दात्यासारखाच झाला.

हा निकाल मी गंभीरपणे घेते. परंतु त्याच्या शेजारी दुसरे निकालही ठेवावे लागतात. २०१९ मध्ये ३४ निरोगी पुरुषांच्या चाचणीत निम्म्यांना सात दिवस रोज ७८० मिलिग्रॅम सुक्रालोज दिले गेले, जे तुमच्या मात्रेच्या वीस पट आहे; ना साखरेच्या नियंत्रणात फरक पडला, ना जिवाणूंमध्ये. २०२१ मध्ये निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम सॅकरिन दिले. तिथेही काही आढळले नाही. या दोन्ही चाचण्यांमध्ये स्वीटनर कॅप्सूलमधून दिला होता, म्हणजे जिभेला गोडी लागलीच नव्हती, आणि काही जण फरकाचे कारण तिथेच शोधतात. मला तो तर्क आवडला असता, परंतु २०२० मध्ये १७ निरोगी व्यक्तींना दोन-दोन आठवडे ॲस्पार्टेम आणि सुक्रालोज पाण्यात विरघळवून पाजले गेले, चव लागली, आणि तरीही ग्लुकोज-प्रतिसाद बदलला नाही. तेव्हा केवळ चवीवर सगळा भार टाकता येत नाही.

माझ्या दृष्टीने तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची चाचणी २०२० ची, येल विद्यापीठाची आहे. ४५ निरोगी प्रौढांना दोन आठवड्यांत सात वेळा पेय दिले. एका गटाच्या पेयात फक्त सुक्रालोज, दुसऱ्याच्या पेयात साखर, आणि तिसऱ्याच्या पेयात सुक्रालोजसोबत सुमारे ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, जे गोड नसते पण ग्लुकोज पुरवते. एकट्या सुक्रालोजने काही बिघडले नाही, साखरेनेही नाही; परंतु सुक्रालोज आणि कर्बोदक एकत्र घेणाऱ्या गटात इन्सुलिनची संवेदनशीलता घटली, म्हणजे तेवढेच ग्लुकोज हाताळायला त्यांच्या शरीराला अधिक इन्सुलिन सोडावे लागले. शिवाय मेंदूचा गोड चवीला मिळणारा प्रतिसादही त्याच गटात मंदावला. नंतर वेगळ्या गटाला नुसते माल्टोडेक्स्ट्रिन देऊन पाहिले, तेव्हा हे घडले नाही. प्रवाळ यांनी २००९ च्या दोन निकालांबद्दल जे म्हटले, तेच इथे वेगळ्या रूपात दिसते असे मला वाटते: प्रश्न ‘स्वीटनर किती’ याच्याइतकाच ‘स्वीटनर कशासोबत’ हाही आहे.

२०१३ चा एक अभ्यास अनेकदा पुढे केला जातो, ज्यात ४८ मिलिग्रॅम सुक्रालोजनंतर ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन सुमारे २० टक्के अधिक सुटले. तो अभ्यास लठ्ठ व्यक्तींवरचा होता. त्यांना मधुमेह नव्हता, पण तुमच्याशी त्यांची थेट तुलना होणार नाही. त्यापेक्षा २०२२ मध्ये मेक्सिकोत झालेला अभ्यास तुमच्या जवळचा आहे; तिथे निरोगी तरुणांनी रोज ४८ मिलिग्रॅम सुक्रालोज दहा आठवडे घेतले आणि ग्लुकोज-चाचणीत साखर व इन्सुलिन दोन्ही वाढलेले आढळले. तुमच्या तीन पुड्यांतून सुमारे ३६ मिलिग्रॅम जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुक्रालोजसाठी दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीसाठी ३०० मिलिग्रॅम. तुम्ही तिच्यापासून खूप दूर आहात; पण ही मर्यादा विषबाधेच्या प्रयोगांवरून आखलेली असते, इन्सुलिनच्या संवेदनशीलतेवरून नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आता तुमच्या ८९ आणि ९७ या आकड्यांबद्दल. उपाशीपोटीची साखर एकाच निरोगी व्यक्तीत, काहीही न बदलता, एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत साधारण ५ ते ६ टक्क्यांनी हलत असते. त्यात प्रयोगशाळेच्या यंत्राची चूक मिळवली तर दोन वेगवेगळ्या दिवशीच्या आकड्यांत १५ टक्क्यांहून अधिक फरक पडल्याशिवाय ‘खरोखर बदल झाला’ असे म्हणता येत नाही. तुमचा फरक ९ टक्क्यांचा आहे. एचबीए१सीमधला ०.१ चा फरकही त्याच कारणाने दखल घेण्याजोगा नाही. चिंता वाटणे स्वाभाविक आहे, पण या दोन आकड्यांवर कोणताही निष्कर्ष उभा राहत नाही.

सातत्य

मी आहारतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही उत्तरांतील माहितीशी सहमत आहे; वजन कुठे द्यावे याबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे.

दोन आठवड्यांच्या चाचण्या काळजीपूर्वक केलेल्या असल्या तरी माणूस हे पदार्थ दहा-वीस वर्षे घेतो. फ्रान्समधील न्यूट्रिनेट-सांते या प्रकल्पाचे मधुमेहाविषयीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १,०५,५८८ प्रौढांचा सरासरी नऊ वर्षे मागोवा घेतला होता, आणि कृत्रिम स्वीटनर अधिक घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ६९ टक्के अधिक आढळला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणात ठेवण्यासाठी अशा स्वीटनरचा वापर करू नये अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, म्हणजे ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. म्हणून कोणी निरोगी व्यक्ती माझ्याकडे आली, तर मी तिला साखरेला पर्याय शोधण्याऐवजी गोडीच कमी करत नेण्याचा सल्ला देतो. जिभेला कमी गोडीची सवय लागायला काही आठवडे पुरतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

संख्यारेखा

सातत्य यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ६९ टक्के हा आकडा एकटा सोडू नये अशी विनंती आहे. ज्यांचे वजन वाढू लागले आहे, ज्यांच्या घरात मधुमेह आहे किंवा ज्यांना डॉक्टरांनी इशारा दिला आहे, तीच माणसे साखर सोडून स्वीटनरकडे वळतात, त्यामुळे धोका आधी आणि स्वीटनर नंतर असेही घडलेले असू शकते. संशोधकांनी वजन, कुटुंबाचा इतिहास इत्यादी बाबी हिशेबात धरल्या होत्या, तरीही हा संशय पूर्णपणे पुसता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही याच कारणाने आपली शिफारस ‘सशर्त’ म्हणून नोंदवली आहे.

आणि ‘कशाच्या तुलनेत’ हेही पाहावे लागते. साखर घातलेल्या ३५५ मिलिलिटर शीतपेयात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते. त्याच्या जागी स्वीटनरचे पेय घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि साध्या पाण्याच्या जागी ते घेणाऱ्याची वेगळी. चौकस यांनी रोजची सहा चमचे, म्हणजे साधारण २४ ग्रॅम साखर काढून टाकली आहे. तो लाभ प्रत्यक्ष आहे.

चौकस

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुडीचे वेष्टन आज पहिल्यांदाच नीट वाचले: वजन एक ग्रॅम, घटकांत पहिले नाव डेक्स्ट्रोज, दुसरे माल्टोडेक्स्ट्रिन आणि सुक्रालोज तिसरे. मगात दूध मोजून पाहिले तर ते जवळपास २०० मिलिलिटर निघाले. म्हणजे प्रवाळ यांच्या हिशेबाने दहा ग्रॅम लॅक्टोज, त्यातले पाच ग्रॅम ग्लुकोज, आणि हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

सेन्सरचे अजून आठ दिवस शिल्लक आहेत. संध्याकाळची कॉफी दोन दिवस दूध व पुडीसह, दोन दिवस दुधासह पण पुडीविना, दोन दिवस पुडीसह पण दुधाविना, आणि दोन दिवस नुसती काळी, असे करून पाहावे का? आणखी एक शंका आहे. सकाळच्या कॉफीसोबत मी नाश्ता करते. मग येलच्या चाचणीतील ‘सुक्रालोज अधिक कर्बोदक’ ही जोडी तर मी रोज सकाळी घेत आहे, असे होत नाही का?

प्रवाळ

अवश्य करून पाहा. कॉफीची वेळ, कॉफीची मात्रा आणि आधीच्या जेवणानंतरचे अंतर तेवढे सारखे ठेवा. सेन्सर रक्तातील नव्हे तर त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो, त्यामुळे आकडा पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो, आणि चांगल्या सेन्सरचीही चूक सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून चार-पाच अंकांच्या फरकात अर्थ शोधू नका.

तुमची दुसरी शंका रास्त आहे आणि तिला सेन्सर उत्तर देऊ शकणार नाही. निरोगी शरीरात इन्सुलिनची संवेदनशीलता थोडी घटली तर स्वादुपिंड थोडे अधिक इन्सुलिन सोडते आणि साखर होती तिथेच राहते. येलच्या चाचणीतला बदलही इन्सुलिनमध्ये दिसला होता. तो पाहायचा असेल तर उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन एकाच नमुन्यातून मोजून घ्यावे. दोन्हींच्या गुणाकाराला ४०५ ने भागले की होमा-आयआर हा इन्सुलिन-प्रतिरोधाचा निर्देशांक मिळतो. साखर ९० आणि इन्सुलिन ६ असेल तर तो १.३ च्या आसपास येतो. एकदा मोजून फारसे कळत नाही. पुडी घेत असताना एकदा आणि दोन-तीन महिने बंद केल्यावर पुन्हा, असे मोजले तर तुलना करता येते.

चौकस

आठ दिवस पूर्ण झाले, म्हणून येथे नोंदवते. दूध आणि पुडी असलेल्या दोन दिवशी संध्याकाळचा चढ २१ आणि २४ अंकांचा होता. दूध होते पण पुडी नव्हती तेव्हा तो १८ आणि २२. पुडी होती पण दूध नव्हते तेव्हा ५ आणि ७, आणि नुसत्या काळ्या कॉफीनंतर ३ आणि ६. ज्या चढाने मला महिनाभर अस्वस्थ केले तो जवळजवळ संपूर्ण दुधाचा होता.

सकाळच्या नाश्त्याबरोबरची पुडी आजपासून बंद केली आहे; उरलेल्या दोन पुड्याही महिन्याभरात सोडायच्या आहेत. इन्सुलिनसाठी रक्ताचा पहिला नमुना परवा देणार आहे आणि दुसरा तीन महिन्यांनी.

संख्यारेखा

नोंदी फार व्यवस्थित ठेवल्या आहेत. फक्त आज बंद केलेली पुडी परवाचा नमुना देईपर्यंत पुन्हा सुरू ठेवावी, नाहीतर पहिला आकडा ‘घेत असताना’चा राहणार नाही. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत द्यावेत, कारण इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. उपाशी राहण्याचे तास दोन्ही वेळी सारखे असावेत, आणि शक्य असेल तर प्रत्येक वेळी एकाऐवजी आठवड्याभरात दोन नमुने देऊन त्यांची सरासरी घ्यावी. तीन महिन्यांनी जे आकडे येतील ते कृपया याच धाग्यावर लिहा, बदल दिसला नाही तरीही.